खत उत्तम, पुरावा अपुरा

सेंद्रिय शेतीचा विषय निघाला की सर अल्बर्ट हॉवर्ड यांचे नाव येतेच. १९४० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ हा ग्रंथ या चळवळीचा पाया मानला जातो. तो मुख्यतः भारतातील अनुभवांवर उभा आहे. म्हणून शिक्षकांनी तो अवश्य वाचावा. पण पोथीसारखा नव्हे, तर प्रत्येक विधानाला आधार काय, हे विचारीत.

ग्रंथाचा सर्वांत भक्कम भाग म्हणजे कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’. हॉवर्ड १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे आले आणि १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संशोधन संस्थेचे प्रमुख होते. तेथील काम त्यांनी यशवंत वाड यांच्यासह १९३१ मध्ये पुस्तकरूपाने मांडले होते. काडीकचरा, शेण, गोमूत्र शोषलेली माती आणि राख यांचे थर उथळ खड्ड्यात रचायचे, ओलावा राखायचा, ठरावीक दिवसांनी ढीग उलटायचा. तीन महिन्यांत खत तयार. खड्डा दोन फुटांहून खोल का नसावा? कारण तळाशी हवा पोहोचत नाही आणि कुजवणाऱ्या जीवाणूंना ती लागते. कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या टणक असतात, म्हणून त्या शेतातल्या रस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चुरून घ्यायच्या. कृती आणि कारण असे हातात हात घालून येतात, तेव्हा वाचकाचा विश्वास बसतो.

पुढे मात्र लेखणी पुराव्याच्या पुढे धावते. पुसा येथे हॉवर्ड यांचे बैल लाळ्या-खुरकुताने आजारी असलेल्या शेजारच्या गुरांच्या नाकाला नाक लावीत. तरी त्यांना रोग झाला नाही. सकस मातीतल्या चाऱ्याचा हा परिणाम, असे ते सुचवतात. निरीक्षण मोलाचे आहे. पण त्याच वेळी, त्याच ठिकाणी निकृष्ट चारा खाणारे दुसरे बैल तुलनेसाठी ठेवलेले नव्हते. मग श्रेय चाऱ्याला द्यायचे, जातीला की योगायोगाला? पिकांच्या रोगांबद्दलही त्यांचा कल असाच आहे. वास्तविक गव्हातील तांबेऱ्याचा प्रतिकार आनुवंशिक असू शकतो, हे केंब्रिजच्या बिफेन यांनी १९०५ मध्येच दाखवले होते. हॉवर्ड स्वतः गव्हाचे नामवंत पैदासकार. त्यांनी हा मुद्दा इतका मागे टाकावा, हे खटकते.

मुळांशी सहजीवन करणाऱ्या मायकोरायझा बुरशीकडे त्यांनी लक्ष वेधले, ही त्यांची दूरदृष्टी. पण मुळे ही बुरशी पचवून तिच्यातील प्रथिने घेतात, हे त्यांचे स्पष्टीकरण टिकले नाही. बहुतेक पिकांत ही बुरशी मुख्यतः स्फुरद मिळवून देते आणि बदल्यात वनस्पतीकडून कर्बयुक्त अन्न घेते, असे आज आपण जाणतो. प्रश्न अचूक आणि उत्तर चुकीचे, असे विज्ञानात पुष्कळदा घडते.

इंग्लंडमधील रोदॅमस्टेडच्या प्रयोगांवर हॉवर्ड कडाडून टीका करतात. तेथील ब्रॉडबॉक शेतात १८४३ पासून गव्हाच्या पट्ट्यांना वेगवेगळी खते दिली जात आहेत. एवढासा पट्टा म्हणजे शेती नव्हे, हा त्यांचा आक्षेप निव्वळ टाकाऊ नाही. पण त्याच प्रयोगाने पुढे दोन्ही बाजूंना धडा दिला. रासायनिक खतांवर गहू शतकाहून अधिक काळ चांगला पिकला. शेणखताच्या पट्ट्यात मातीतील सेंद्रिय कर्ब दुपटीहून अधिक झाला. आणि अलीकडे सर्वाधिक उत्पादन आले ते पिकांची फेरपालट, शेणखत आणि नत्रखत एकत्र आले तेव्हा. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे १९७० पासूनचे दीर्घकालीन प्रयोगही हेच सांगतात. नुसत्या नत्रखतावर रांची, पालमपूरच्या आम्लधर्मी जमिनी खचल्या. संतुलित खतांना शेणखताची जोड मिळाली तेथे उत्पादन टिकले.

हा वाद केवळ पुस्तकी नाही. १०० किलो नत्र सुमारे २१७ किलो युरियात मिळते. अर्धा टक्का नत्र असलेले शेणखत घेतले तर त्यासाठी २० टन लागते. ते आणायचे कोठून? हा हिशेब न करता श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली. भात आणि चहाचे उत्पादन घसरले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माघार घ्यावी लागली.

तरीही जमिनीतून घेतलेले जमिनीला परत करा, हा हॉवर्ड यांचा आग्रह आजही खरा आहे. शिक्षकांनी त्यांची बैलांची हकिगत वर्गात जरूर सांगावी आणि विचारावे, “हे सिद्ध करायचे तर आणखी काय करायला हवे होते?” मग एकाच बियाण्याच्या कुंड्या घेऊन काहींत कंपोस्ट, काहींत नत्रखत, काहींत दोन्ही आणि काहींत काहीच नाही, असा प्रयोग मुलांकडून करून घ्यावा. प्रत्येक प्रकारच्या निदान पाच कुंड्या असाव्यात. ग्रंथातील घोषणांपेक्षा या कुंड्यांच्या नोंदवहीतून मुलांना शेतीविज्ञान अधिक कळेल.