रोव्हर्स कपची यादी: जिंकलेले दिसतात, न उतरलेले दिसत नाहीत

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आज एका यादीचं परीक्षण करू. यादी आहे मुंबईच्या रोव्हर्स कप फुटबॉल स्पर्धेच्या विजेत्यांची. फुटबॉल आवडत नसेल तरी वाचा, कारण अशीच एखादी यादी तुमच्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात येणार आहे आणि मार्गदर्शक तिच्यावरच बोट ठेवणार आहेत.

आधी थोडी ओळख. भारतातल्या जुन्या बाद पद्धतीच्या फुटबॉल स्पर्धांपैकी ड्युरँड कप 1888 साली सिमल्यात सुरू झाला. मुंबईतल्या ब्रिटिश फुटबॉलप्रेमींनी 1891 मध्ये रोव्हर्स कप सुरू केला. कलकत्त्याची आयएफए शील्ड 1893 ची. पुढे मुंबईचं कूपरेज मैदान आणि रोव्हर्स कप ही नावं जोडीनेच घेतली जाऊ लागली. यादीत पहिलं नाव वूस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचं आहे. त्यानंतर कित्येक ओळी ब्रिटिश पलटणींचीच नावं येतात. 1937 ला बंगलोर मुस्लिम्स हा संघ जिंकतो आणि 1938 ला पुन्हा तोच. 1940 ला मोहमेडन स्पोर्टिंग. 1950 ते 1954 सलग पाच वेळा हैदराबाद सिटी पोलीस. 1955 ला मोहन बागान.

या यादीवरून एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. गोरे सोल्जर खेळात भारी होते, आपले लोक त्यांच्याकडून हळूहळू शिकले आणि 46 वर्षांनी त्यांच्या बरोबरीला आले. ऐकायला छान वाटतं, शेवटी आपण जिंकतोही. माझा आक्षेप यादीवर नाही, या गोष्टीवर आहे. यादी खरी असूनही तिच्यातून हा निष्कर्ष निघत नाही. का निघत नाही, ते तीन प्रश्नांत बघू.

पहिला प्रश्न: उतरले किती?

विजेत्यांची यादी म्हणजे अपूर्णांकातला फक्त अंश. छेद कुठे आहे? त्या त्या वर्षी स्पर्धेत किती संघ होते, आणि त्यात भारतीय खेळाडूंचे किती?

सोपं गणित करू. यातले आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत, ते इतिहासातले नाहीत. समजा दरवर्षी 16 संघ उतरतात, त्यात भारतीय संघ एकच, आणि सगळे संघ अगदी तुल्यबळ आहेत. मग एखाद्या वर्षी तो संघ न जिंकण्याची शक्यता 15/16. सलग 20 वर्षं न जिंकण्याची शक्यता काढायला 15/16 चा 20 वा घात घ्यायचा. उत्तर येतं साधारण 0.275. म्हणजे बरोबरीचा संघ असूनही 20 वर्षं कोरडी जाण्याची शक्यता चारात एकाहून जास्त!

आता 16 पैकी दोन भारतीय संघ धरा. 14/16 चा 20 वा घात येतो सुमारे 0.07. आता मात्र 'तुल्यबळ होते' या गृहीतकावर शंका घ्यायला जागा आहे. बघा, एका संघाच्या फरकाने निष्कर्ष कुठून कुठे गेला. सगळा युक्तिवाद ज्या आकड्यावर उभा राहायला हवा, तोच यादीत नाही.

संघ न उतरण्याची कारणंही यादीत नसतात. सोल्जरला मैदान, बूट आणि सरावाचा वेळ पलटणीत मिळायचा. मुंबई इलाख्यात पुणे आणि खडकी ही मोठी लष्करी ठाणी होती. उलट कलकत्त्याच्या क्लबला मुंबईत खेळायचं तर रेल्वेने सुमारे दोन हजार किलोमीटर यायचं, राहायचं, जेवायचं आणि पहिल्याच सामन्यात हरला तर परत जायचं. वेळापत्रकसुद्धा चाळणीचं काम करतं. मी मूळची पासलीची. आमच्याकडे ऐन पावसात भाताची लावणी चालते, तेव्हा धडधाकट माणूस खाचरात असतो. जुलैत कुणी स्पर्धा भरवली तर निकालपत्रात वेल्ह्याच्या या खोऱ्यातला संघ दिसणार नाही. त्यावरून 'या खोऱ्यात खेळाडू नाहीत' असं कुणी लिहिलं तर ते कितपत बरोबर?

दुसरा प्रश्न: मोजतोय ते एकक कोणतं?

यादीत 'रेजिमेंट' आणि 'क्लब' एकाखाली एक छापलेले असतात, त्यामुळे एकाच जातीच्या वस्तू वाटतात. तशा त्या नाहीत. ब्रिटिश बटालियन काही वर्षं एका ठाण्यात राहायची, मग तिची बदली व्हायची. नवी पलटण आली की नवे खेळाडू. मोहन बागान मात्र 1889 पासून एका शहरातला, एकाच नावाचा क्लब. म्हणून 'ब्रिटिशांनी इतकी वर्षं सलग कप जिंकला' या वाक्यातला कर्ता कुणी एक संघ नाही, तो एक गट आहे. अनेक वेगवेगळ्या संघांची बेरीज एका बाजूला आणि एखाददुसरा क्लब दुसऱ्या बाजूला, ही तुलनाच तिरकी आहे. प्रयोगशाळेतल्या मुलांना हे लगेच कळेल. वेगवेगळ्या बॅचचे नमुने एका लेबलखाली टाकले की सरासरी सुंदर येते, पण तिचा अर्थ लावता येत नाही.

आणि यादी फक्त शेवटच्या सामन्यातला विजेता नोंदवते. 1923 साली मोहन बागान रोव्हर्स कपच्या अंतिम सामन्यात पोचला होता आणि डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून 4-1 असा हरला. विजेत्यांच्या रकान्यात याची खूण नाही. त्याआधी 29 जुलै 1911 ला याच मोहन बागानने आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असं हरवलं होतं, तेही संघातला एक सोडून बाकी सगळे अनवाणी! म्हणजे भारतीय संघ चांगल्या पलटणीला हरवू शकतो, हे 1911 मध्येच सिद्ध झालं होतं. रोव्हर्सच्या यादीला ते दाखवायला आणखी 26 वर्षं लागली. एका स्रोतावर विसंबू नका असं आपल्याला रिसर्च मेथडॉलॉजीत शिकवतात, ते यासाठी.

तिसरा प्रश्न: मोजपट्टी किती भरवशाची?

बाद पद्धतीत एक हार म्हणजे खेळ खलास. 16 संघांतून विजेता काढायला 15 सामने पुरतात, कारण दर सामन्यात एक जण घरी जातो. स्वस्त आणि झटपट पद्धत आहे, पण 'सर्वोत्तम कोण' हे मोजायला ढोबळ. प्रत्येक सामना जिंकण्याची 70 टक्के शक्यता असलेला तगडा संघ धरा. चार फेऱ्या ओलांडून कप उचलण्याची त्याची शक्यता 0.7 चा चौथा घात, म्हणजे 24 टक्के. चारातल्या तीन वर्षी यादीत दुसऱ्याच कुणाचं नाव येणार. म्हणून एका वर्षाच्या विजेत्यावरून फार बोलू नये.

मग या यादीचा काहीच उपयोग नाही का? आहे, आणि परीक्षणात तेही सांगायला हवं. हैदराबाद सिटी पोलिसांची सलग पाच विजेतेपदं बघा. 70 टक्केवाल्या संघाने सलग पाच वर्षं जिंकण्याची शक्यता दहा हजारांत आठ. पाचही वर्षं जिंकण्याची शक्यता निम्मी यायची असेल तर दर सामन्यात जवळपास 97 टक्के हवेत. यादी बघून झाल्यावर त्यातली सगळ्यात लांब साखळी निवडायची आणि तिची शक्यता काढायची, ही थोडी चलाखी आहे हे लक्षात ठेवा. फेऱ्या कमी पडल्या असतील तर आकडेही बदलतील. तरीसुद्धा हा निव्वळ नशिबाचा खेळ वाटत नाही. या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्याच हाताखाली भारत 1956 च्या ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि 1962 च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक जिंकला. इथे यादी आणि बाहेरचा पुरावा एकाच दिशेला बोट दाखवतात, म्हणून निष्कर्ष पक्का होतो.

ही अडचण फक्त वसाहतीतल्या स्पर्धेची आहे असं वाटत असेल तर त्याच काळातलं युरोप बघा. मोहन बागानने पहिल्यांदा रोव्हर्स कप जिंकला त्याच वर्षी, 1955 मध्ये, युरोपियन कपचा पहिला हंगाम सुरू झाला. कल्पना 'लेकिप' या फ्रेंच क्रीडा दैनिकाची. 4 सप्टेंबर 1955 ला लिस्बनमध्ये स्पोर्टिंग आणि पार्टिझान यांचा पहिला सामना 3-3 असा सुटला. नाव विजेत्यांच्या स्पर्धेचं, पण 16 संघ ठरले मुख्यतः निमंत्रणाने. इंग्लंडचा लीग विजेता चेल्सी आलाच नाही, कारण तिथल्या फुटबॉल लीगचा विरोध होता. स्कॉटलंडकडून हिबर्निअन खेळला, जो आदल्या हंगामात आपल्या लीगमध्ये पाचवा होता. म्हणजे छेदाचा प्रश्न इथेही आहेच.

मोजपट्टी मात्र थोडी सुधारली होती. अंतिम सामना सोडून प्रत्येक जोडीचे दोन सामने, एक इथे एक तिथे, असे एकूण 29 सामने झाले. रेआल माद्रिदने पार्टिझानला घरच्या मैदानावर 4-0 हरवलं आणि बेलग्रेडमध्ये 3-0 मार खाल्ला. बेरीज 4-3, रेआल पुढे. फक्त बेलग्रेडचा एकच सामना झाला असता तर रेआल तिथेच बाद! पुढे पॅरिसमध्ये त्यांनी रान्सला 4-3 असं हरवलं आणि पहिले पाचही कप त्यांनीच जिंकले. आज आपण त्या पाच कपांना नियती असल्यासारखं वाचतो. पहिला कप एका गोलच्या फरकाने टिकला होता, हे यादीत दिसत नाही.

मग 1937 चं काय करायचं?

बंगलोर मुस्लिम्सचं यश मला लहान करायचं नाही. उलट 'अखेर शिकले' या शब्दात ते लहान होतं. 1937 साठी निदान तीन गृहीतकं मांडता येतात. एक, भारतीय संघांचा खेळ सुधारला. दोन, उतरणाऱ्या भारतीय संघांची संख्या वाढली. तीन, समोर येणाऱ्या पलटणींची संख्या किंवा ताकद बदलली. तिन्ही एकदमही खरी असू शकतात. विजेत्यांची यादी या तिघांत फरक करू शकत नाही. तो करायचा तर दरवर्षीचा ड्रॉ, सगळ्या फेऱ्यांचे निकाल आणि माघार घेतलेले संघ हवेत. म्हणजे त्या काळची मुंबईची वर्तमानपत्रं अभिलेखागारात बसून पानापानाने चाळायची. कंटाळवाणं काम आहे, पण प्रबंध त्यातूनच होतो.

एवढा अट्टहास का, तर अशा याद्या आपल्याबद्दलही वाचल्या जातात. नेट, सेट, पेट या परीक्षा बाद पद्धतीच्याच आहेत. निकाल लागला की कुणीतरी यादी काढून विचारतं, "तुमच्या भोर-वेल्ह्याकडचे किती?" संख्या कमी दिसली की उत्तर तयार असतं, तिकडची मुलं मागेच. किती जणांनी फॉर्म भरला, हे कुणी विचारत नाही. विज्ञान शाखेसाठी मला अकरावीतच गाव सोडून राहावं लागलं. माझ्या वर्गातल्या ज्या मुलींना ते जमलं नाही, त्या कुठल्याही परीक्षेत नापास झालेल्या नाहीत. त्या स्पर्धेत उतरल्याच नाहीत. नापास होणं आणि न उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींवर उपायही वेगळे आहेत. पहिलीसाठी शिकवणी लागते, दुसरीसाठी वसतिगृह, एसटी आणि फीची सोय. यादी दोन्हींना एकाच कोऱ्या जागेत टाकते, आणि मग धोरण ठरवणारेही चुकीचा उपाय निवडतात.

या आठवड्यासाठी काम देते. तुमच्या विषयातली विजेत्यांची, पुरस्कारांची, यशस्वी प्रयोगांची किंवा निवड झालेल्यांची कुठलीही एक यादी घ्या. वहीत तीन रकाने आखा: कोण उतरू शकत होतं, कोण उतरलं, कोण जिंकलं. तिसरा रकाना लगेच भरेल. पहिल्या दोनसाठी माहिती कुठे मिळेल ते शोधा आणि जिथे मिळणार नाही तिथे तसं स्पष्ट लिहा. हे पान रूपरेषेला जोडून मार्गदर्शकांना दाखवा. मुलाखतीत समितीचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा पहिल्या रकान्यावरच येतो.