वस्तूंचा दिनक्रम : घेटोतील मुलांच्या रोजनिशांचे वाचन

दुसऱ्या महायुद्धकाळातील ज्यू मुलांचे जगणे मराठी वाचकापर्यंत प्रामुख्याने ॲन फ्रँकच्या रोजनिशीतून पोहोचले. मात्र ॲन घेटोत नव्हती; ती ॲमस्टरडॅममधील एका इमारतीच्या मागील भागात लपून राहिली होती. लॉद्झ, विल्ना, वॉर्सा येथील घेटोंत कोंडलेल्या मुलांचा अनुभव वेगळ्या जातीचा आहे. त्यांचे जगणे रेशनच्या रांगेत, शाळेत, कारखान्यात, सर्वांच्या देखत चालले होते. या मुलांनी लिहिलेल्या रोजनिशा आणि त्यांच्यामागे उरलेल्या वस्तू कशा वाचाव्यात, हा प्रश्न वाङ्मयीन आहे तितकाच नैतिकही आहे.

रोजनिशी लिहिणाऱ्याला आपला शेवट ठाऊक नसतो. वाचकाला तो ठाऊक असतो. या विषमतेतून वाचनाच्या दोन सवयी जडतात. प्रत्येक नोंदीत येऊ घातलेल्या मृत्यूची चाहूल शोधणे, ही पहिली. प्रत्येक वस्तूला पवित्र अवशेषाचे स्थान देणे, ही दुसरी. दोन्हींत मुलाचा दिवस हरवतो. स्मरण करावयाचे म्हणजे वस्तूला तिचा वापर परत मिळवून द्यावयाचा, आणि हे काम रोजनिशी करू शकते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

हा मुद्दा समजून घेण्यास पनवेलचा वाचक सोयीच्या ठिकाणी उभा आहे. पनवेलचे बेथ एल हे सिनेगॉग १८४९ सालचे. कोकणातील बेने इस्रायल समाज मराठी बोलणारा. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखला गेलेला. दाराच्या चौकटीवरील मेझुझा, शब्बाथचा दिवा, एलियाहू हन्नाबीच्या नावाने केलेला पोहे-नारळाचा मलिदा या त्याच्या घरातील वापराच्या गोष्टी. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली; पण ते स्थलांतर होते, संहार नव्हता. त्यामुळे ज्यू घरातील वस्तू तिच्या विनाशातून परिचित होण्याऐवजी शेजारातून परिचित होण्याची शक्यता येथे आहे. युरोपातील संग्रहालयाच्या काचेआड ठेवलेल्या वस्तूकडे पाहताना ही ओळख उपयोगी पडते.

लॉद्झच्या डाविड सिएराकोविआकची रोजनिशी जून १९३९ मध्ये, सुट्टीतील एका शिबिरात सुरू होते. म्हणजे युद्धापूर्वी, घेटोपूर्वी. पुढे तिचा आशय क्रमाने आकसत जातो. सुरुवातीस परीक्षा, भाषा, राजकारण यांना असलेली जागा पावाचे वजन आणि सूपाचा दाटपणा व्यापू लागतात. कुटुंबाच्या वाट्यातील पाव वडील खातात, याची कटू नोंद त्यात आहे. सप्टेंबर १९४२ मध्ये त्याच्या आईला धरून नेण्यात आले, तेही तो लिहितो. येथे पाव हे उपासमारीचे प्रतीक उरत नाही. मुलगा आणि बाप यांच्यातील नाते त्यावर तोलले जाते. रेशनकार्ड पाहून हे कळत नाही. रोजनिशीतील शेवटची नोंद एप्रिल १९४३ ची आहे, आणि ऑगस्टमध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, डाविड वारला. त्याच्या पाच वह्या उरल्या. युद्धानंतर त्या घरातील चुलीवर सापडल्या. इतर काही वह्या सरपणासाठी जाळल्या गेल्याचे सांगितले जाते. रोजनिशी हीसुद्धा एक वस्तू आहे आणि तिलाही वस्तूचेच प्राक्तन आहे, हे विसरता येत नाही.

विल्नाच्या यित्झोक रुडाशेव्हस्कीने यिद्दिशमध्ये लिहिलेली रोजनिशी दुसऱ्या टोकाची आहे. शाळा बंद असली की त्याचा दिवस रिकामा जातो. डिसेंबर १९४२ मध्ये घेटोच्या ग्रंथालयाने एक लाखावे पुस्तक वाचकाच्या हाती दिल्याचा समारंभ झाला, त्याची नोंद तो करतो. याहून महत्त्वाचे म्हणजे, त्याच्या मंडळातील मुले प्रश्नावली घेऊन एका चौकातील घराघरांत फिरली आणि तेथील रहिवाशांचा इतिहास लिहू लागली. आपण ज्याला आज ‘साक्षी’ म्हणतो तो मुलगा त्या वेळी संशोधकाच्या भूमिकेत होता. १९४३ मध्ये पोनारी येथे त्याची हत्या झाली. वही त्याच्या नात्यातील बहिणीला लपण्याच्या जागेत सापडली.

वॉर्सात इमानुएल रिंगेलब्लुम यांच्या गटाने हेच काम प्रौढांच्या पातळीवर केले. शनिवारी भेटत म्हणून या गटाचे नाव ‘ओनेग शब्बात’, शब्बाथचा आनंद. पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या किटल्यांत त्यांनी पुरलेला संग्रह १९४६ व १९५० मध्ये हाती लागला. त्यात मुलांचे शालेय निबंध आहेत, तशीच ट्रामची तिकिटे आणि गोळ्यांचे कागदही. घटना आणि सामान्य दिवस यांत प्रतवारी न लावण्याचा हा निर्णय समीक्षेने गंभीरपणे घ्यावयास हवा.

मराठीत लिहिताना पहिली अडचण ‘घेटो’ या शब्दाचीच येते. अलिबागला इस्रायल आळी आहे. परंतु आळी ही वस्तीतून घडते, तिच्यातून बाहेर पडता येते. ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द सक्तीच्या सीमेचा अर्थ आणतो. दलित आत्मकथनांनी भाकरी, चिंध्या, पाणवठा यांना दिलेली भाषाही या रोजनिशांच्या अनुवादकाला बळ देईल. तरीही गावकुसाची सीमा पिढ्यान्‌पिढ्या टिकवण्यासाठी होती. घेटो काही वर्षांतच उभारला गेला आणि रिकामा करण्यात आला. साधर्म्याच्या मोहात हा फरक पुसला जाऊ नये. मूळ शब्द तसाच ठेवणे इष्ट.

दुसरी अडचण आपल्या अभिमानाची आहे. १८ जुलै १९४२ रोजी यानुश कोर्चाक यांच्या वॉर्सा घेटोतील अनाथालयातील मुलांनी रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ सादर केले. ऑगस्टच्या आरंभी कोर्चाक आणि मुले यांना ट्रेब्लिंकाला नेण्यात आले. भारतात हा प्रसंग बहुधा रवींद्रनाथांच्या गौरवार्थ सांगितला जातो. त्यात नाटककार उरतो, कोर्चाक उरतात, मुले मात्र समूहचित्रात विरून जातात. संवाद पाठ करणारे, तालमीत चुकणारे, उपाशी पोटी रंगमंचावर उभे राहणारे मूल या कथनात दिसत नाही. करुणेने भारावलेले स्मरणही अशा रीतीने विस्मरणाचे साधन बनू शकते.

विल्नाच्या मुलांची प्रश्नावली पनवेल, पेण, अलिबाग येथेही उपयोगी पडणारी आहे. शनिवारचा दिवा घरात कोण लावी? तेल कोठून येई? मलिदा कोणाकोणाला वाटला जाई, शेजारी कोणता वाटा परत पाठवीत? ही उत्तरे देऊ शकणारी माणसे कमी होत चालली आहेत. संहाराची स्मृती जपण्याचे दायित्व जर आपण मानत असू, तर संहाराच्या छायेबाहेर राहिलेल्या या ज्यू घरांचा दिनक्रमही, वस्तू वापरात असलेल्यांच्या तोंडून, वेळेत लिहून घ्यावयास हवा.