खुलासा नावाचा साहित्यप्रकार

आमच्या कंपनीत सर्व्हर बंद पडला की दोन दिवसांत एक कागद लिहावा लागतो. काय झालं, किती वाजता झालं, कुणाला फटका बसला, कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. एकूण पाच रकाने. नवीन असताना मी कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'आधीच्या टीमनेही हेच केलं होतं.' मॅनेजरने ती ओळ खोडली आणि म्हणाला, "खरं असेल. पण ते या प्रश्नाचं उत्तर नाही."

तेव्हापासून पैशाच्या प्रकरणात सापडलेल्या पुढाऱ्यांचे खुलासे मी बातमी म्हणून वाचत नाही, मजकूर म्हणून वाचतो. हा मराठीतला चांगला रुळलेला साहित्यप्रकार आहे. त्याची वळणं ठरलेली असतात. आरोप राजकीय हेतूने केलेले आहेत. मी कोणत्याही चौकशीला तयार आहे. माझा न्यायव्यवस्थेवर विश्वास आहे. आणि आरोप करणाऱ्यांनी आधी स्वतःकडे बघावं. पहिली तीन वाक्यं भरताड असतात, ती कुणीही कुणासाठीही लिहू शकतं. खरं काम चौथं वाक्य करतं. पैसे कुठे गेले हा प्रश्न ते अलगद उचलतं आणि त्याच्या जागी 'विचारणारे तुम्ही कोण?' हा प्रश्न ठेवतं.

या चौथ्या वाक्याचा सगळ्यात मोठा प्रयोग माझ्याच तालुक्यातल्या माणसावर झाला. मी पारनेरचा. ऑगस्ट २००३ मध्ये राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे राष्ट्रवादीच्या चार मंत्र्यांविरुद्ध मुंबईत उपोषणाला बसले. सुरेश जैन, नवाब मलिक, पद्मसिंह पाटील आणि विजयकुमार गावित. मी तेव्हा पहिलीत होतो. मला आठवतात त्या फक्त पारावरच्या गप्पा. जैन यांनी काय केलं? त्यांनी अण्णांच्या संस्थांवर उलट आरोप केले आणि स्वतःही उपोषणाला बसले. उपोषणाला प्रतिउपोषण! आता लोकांपुढे दोन उपाशी माणसं होती, आणि कोण खरं हे ठरवायला फक्त त्यांचे चेहरे होते. साहित्यप्रकार म्हणून पाहिलं तर यापेक्षा परिणामकारक खुलासा माझ्या वाचनात नाही. एक शब्दही न बोलता तो म्हणतो, आपण दोघे सारखेच.

मुख्यमंत्री सुशीलकुमार शिंदे यांनी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा आयोग नेमला. यातली गोष्ट मला महत्त्वाची वाटते ती अशी, की मंत्र्यांवरच्या आरोपांबरोबर अण्णांच्या संस्थांवरचे आरोपही याच आयोगाने तपासले. फेब्रुवारी २००५ मध्ये अहवाल आला. जैन, मलिक आणि पाटील यांच्यावर ठपका होता, गावित यांच्यावर नव्हता. मार्चमध्ये जैन आणि मलिक मंत्रिमंडळातून बाहेर पडले. त्याच अहवालात हिंद स्वराज ट्रस्टबद्दलही लिहिलं होतं. अण्णांच्या वाढदिवसावर ट्रस्टचे २ लाख २० हजार रुपये खर्च झाले, ते बेकायदेशीर होतं आणि भ्रष्ट व्यवहारात मोडत होतं.

म्हणजे चौथं वाक्य पूर्ण खोटं नव्हतं. आमच्या तालुक्यात अहवालाचा हा भाग फारसा कुणी सांगत नाही आणि मलाही तो कॉलेजात असताना पहिल्यांदा कळला. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, या प्रकरणातला चांगला मजकूर हाच. आयोगाने दोन प्रश्न दोन ठिकाणी ठेवले. एकाच्या चुकीने दुसऱ्याची चूक धुतली नाही, आणि आरोप करणारा मोठा माणूस आहे म्हणून त्याला सूटही दिली नाही.

पण असा मजकूर सुटा करून वापरता येतो. ऑगस्ट २०११ मध्ये लोकपालाचं आंदोलन ऐन भरात असताना काँग्रेसचे प्रवक्ते मनीष तिवारी यांनी याच अहवालाचा आधार घेऊन अण्णाच नखशिखांत भ्रष्टाचारात बुडालेले आहेत, अशा अर्थाचं विधान केलं. टीका झाल्यावर काही दिवसांत त्यांनी खेदही व्यक्त केला. अहवालात मंत्र्यांबद्दल काय होतं, हे मात्र त्या विधानातून गळालं होतं.

या साहित्यप्रकारात आणखीही पोटप्रकार आहेत. एक म्हणजे अब्रुनुकसानीचा दावा. बबनराव घोलप यांनी तो लावला आणि १९९८ मध्ये आरोप सिद्ध करता आले नाहीत म्हणून अण्णांना तीन महिन्यांची शिक्षा झाली. पुढे २०१४ मध्ये घोलप यांनाच बेहिशेबी मालमत्तेच्या प्रकरणात विशेष न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा सुनावली. दुसरा पोटप्रकार म्हणजे श्वेतपत्रिका. २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीत दहा वर्षांत सिंचन जेमतेम ०.१ टक्का वाढल्याचा आकडा आला. गदारोळ झाला. सप्टेंबर २०१२ मध्ये अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. नोव्हेंबरच्या शेवटी श्वेतपत्रिका आली आणि ७ डिसेंबरला ते पुन्हा त्याच पदावर आले. श्वेतपत्रिका लिहिली कुणी? ज्याच्याबद्दल प्रश्न होता त्या सरकारनेच.

हे सगळं मी लांबून वाचत होतो. दोन वर्षांपूर्वी ते घरात आलं.

वडील प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीच्या पैशातला मोठा भाग त्यांनी जवळच्या एका पतसंस्थेत ठेवला. मुदत संपली तरी पैसे मिळेनात. वार्षिक सर्वसाधारण सभेत ते उभे राहिले आणि ठेवी कुणाला कर्जाने दिल्या याची यादी मागितली. चेअरमन राजकारणातले, माईकवर तयार. म्हणाले, "गुरुजी, यादी देतो की. पण आधी तुमच्या चुलतभावाला विचारा, त्याचं कर्ज कधी भरणार?" सभा हसली. वडील खाली बसले.

चुलत्यांचं कर्ज खरंच थकलेलं होतं. त्यामुळे घरी आल्यावर कुणाला काही बोलता येईना. आई म्हणाली, "कशाला उठलात?" वडील म्हणाले, "खोटं बोलला नाही तो." मला मॅनेजरने खोडलेली ओळ आठवली. पण वडिलांना ती कशी सांगायची ते कळलं नाही, म्हणून सावंत आयोगाची गोष्ट सांगितली. दोन्ही बाजूंची, वाढदिवसाच्या खर्चासकट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि काही न बोलता झोपायला गेले.

चौथं वाक्य चालतं ते आपल्यामुळे. विचारणारा स्वच्छच हवा, अशी अट आपणच घालून ठेवली आहे. मग एक उसना चुलतभाऊ, एक वाढदिवस पुरतो. पण स्वच्छ माणूस मिळेपर्यंत थांबायचं ठरवलं तर हिशेब कुणीच मागायचा नाही.

पुढच्या रविवारी वडिलांनी मला सहायक निबंधकांच्या नावे अर्ज टाइप करायला बसवलं. पहिला परिच्छेद त्यांनीच सांगितला. 'माझे चुलतभाऊ सदर संस्थेचे थकबाकीदार आहेत. त्यांच्यावर नियमानुसार वसुलीची कारवाई व्हावी, माझी हरकत नाही.' त्याखाली दुसरा परिच्छेद, 'संस्थेच्या सर्व थकीत कर्जांची यादी ठेवीदारांना मिळावी.'

प्रत काढताना मी विचारलं, चुलत्यांना काय वाटेल? ते म्हणाले, "त्याला मी सकाळीच सांगून आलोय."

अर्जाच्या प्रतीवर पोच मिळाली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.