आजीची हयद आणि यंत्राची मराठी

आमचं कनेरगाव नाका हिंगोली-वाशिम रस्त्यावर आहे. १९५६ पर्यंत हिंगोली हैदराबाद राज्यात होती आणि वाशिम वऱ्हाडात. माझी आजी वाशिमकडची. लग्न होऊन इकडे आली त्याला साठ वर्षं झाली, पण तिच्या बोलण्यात 'ळ' काही आला नाही. तिचा डोळा 'डोया', केळी 'केयी' आणि हळद 'हयद'.

गेल्या पावसाळ्यात तिनं माझ्या फोनवरच्या एका ॲपला बोलून विचारलं, "हयदीची पानं पिवयी पडून राह्यली, काय फवारू?" स्क्रीनवर उमटलं, "हद्दीची पानं पिवळी पडून राहिली, काय फवारू?" उत्तर आलं बांधावरच्या झाडांबद्दल. मला हसू आलं. आजी हसली नाही. हळदीची पानं पिवळी पडणं हे कंदकुजीचं लक्षण असू शकतं, आणि तसं असेल तर जमिनीखाली कंद सडत असतो. "त्याले हयद समजत नाही, अन् मले फवारणी सांगते!" ती म्हणाली.

आता या यंत्राला मार्क द्यायचे तर? बोलणं लिहून घेणारी यंत्रं तपासताना बहुतेक वेळा शंभर शब्दांमागे किती चुकले ते मोजतात. आजीच्या सात शब्दांतला एक चुकला, म्हणजे साधारण १४ टक्के. कागदावर हे बरं दिसतं. पण चुकला तो नेमका पिकाचा शब्द. 'पिवयी'चं 'पिवळी' यंत्राला जमलं, कारण ते नुसता आवाज ऐकत नाही, शेजारच्या शब्दांवरून अंदाजही बांधतं. 'पानं'च्या शेजारी 'पिवळी' त्याला ओळखीचं आहे. वाक्याच्या सुरुवातीच्या 'हयदी'ला तसा आधार मिळाला नसावा.

माझा आक्षेप या मोजमापावर आहे. त्यात सगळे शब्द एका भावात जातात, आणि सगळी मराठी एका आकड्यात बसवली जाते.

तुलनेला डच भाषा घेऊ. तीही आमच्या भागासारखी सीमेच्या दोन्ही बाजूंना बोलली जाते. ती बोलणारे साधारण अडीच कोटी; २०११ च्या जनगणनेत आपण ८ कोटी ३० लाख. नेदरलँड्स आणि बेल्जियममधला फ्लँडर्स यांच्या सरकारांनी मिळून १९९८ ते २००४ या काळात बोलल्या जाणाऱ्या डचचा सुमारे ९०० तासांचा संग्रह केला. त्यातला साधारण एक तृतीयांश वाटा फ्लँडर्सचा. त्यातही उणीव होती: भर प्रमाण डचवर आणि मोठ्या माणसांवर. मग 'जास्मिन' नावाच्या पुढच्या प्रकल्पात मुलं, म्हातारी माणसं आणि डच शिकणारे परदेशी यांचे आवाज घेतले गेले. कोण बोलतंय, कुठला, किती वयाचा, याची नोंद होती, म्हणून कोण राहून गेलं ते दिसलं.

आपल्याकडे काहीच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. केंद्र सरकारचं 'भाषिणी' २०२२ मध्ये सुरू झालं. आयआयटी मद्रासच्या 'एआयफॉरभारत'नं २०२४ मध्ये 'इंडिकव्हॉइसेस' आणलं. त्यात २२ भाषांमधलं, जिल्ह्याजिल्ह्यांतून गोळा केलेलं साधं बोलणं आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेसोबत मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय, ते ऑनलाइन ऐकता येतं.

पण आजीच्या हातात पडलेल्या त्या ॲपवर एवढंच लिहिलंय: 'मराठी उपलब्ध'. कुठली मराठी? पुण्यात किती चुका होतात, वाशिमला किती, साठीच्या पुढच्या बाईच्या आवाजात किती? खताच्या पोत्यावरसुद्धा आत काय किती आहे ते छापलेलं असतं. मराठी येते असा दावा करणाऱ्या प्रत्येक ॲपनं जिल्हा आणि वयवार चुका जाहीर केल्या पाहिजेत, आणि औषधं, पिकं, रोग अशा शब्दांच्या चुका वेगळ्या मोजल्या पाहिजेत.

कुणी म्हणेल, आजीनं 'हळद' म्हणायला शिकावं. साठ वर्षं ती गावात, बाजारात, दवाखान्यात 'हयद'च म्हणतेय, आणि कुणाचंही अडलेलं नाही. तूर्तास ती बोलते आणि मी टाइप करतो. मी कॉलेजला गेलो की फोन घरी असूनही तिच्या कामाचा नसतो.