न झालेल्या आवाजाचे नाव

मराठीच्या तासाला आपण 'कडकड', 'खळखळ', 'फडफड' असे अनुकरणवाचक शब्द शिकवतो. इंग्रजीतील 'बँग' हा शब्द याच जातीचा. दार धाडकन लागले, बंदुकीचा बार उडाला किंवा टेबलावर मूठ आपटली, की त्या आवाजाला इंग्रजीत 'बँग' म्हणतात. त्यातूनच ठोकणे, आदळणे, स्फोट होणे हे अर्थ आले. 'बँग ऑन टाइम' म्हणजे अगदी वेळेवर. आपणही 'पाचच्या ठोक्याला' म्हणतोच. असा शब्द उच्चारताक्षणी ऐकणाऱ्यापुढे चित्र उभे राहते. एरवी हा भाषेचा गुण. पण विश्वाच्या आरंभासाठी 'बिग बँग' हे नाव रूढ झाले, तेव्हा हाच गुण अडचणीचा ठरला, असे आम्हांस वाटते.

हे नाव या सिद्धांताच्या पुरस्कर्त्यांनी दिलेले नाही. १९३१ साली बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र यांनी विश्वाची सुरुवात एका 'आद्य अणू'पासून झाली, अशी कल्पना मांडली होती. 'बिग बँग' हे शब्द २८ मार्च १९४९ रोजी बीबीसीवरील भाषणात वापरले ते फ्रेड हॉईल यांनी. आणि हॉईल तर विरुद्ध पक्षाचे! विश्वाला आरंभ नाही, असे सांगणारा स्थिर स्थिती सिद्धांत त्यांनी आदल्याच वर्षी मांडला होता. त्यांनी हे नाव टिंगल म्हणून दिले, असे अनेकदा लिहिले जाते. हॉईल यांनी स्वतः ते नाकारले होते. रेडिओवर आकृती काढून दाखवता येत नाही. दोन कल्पनांतला फरक श्रोत्यांच्या मनावर ठसावा म्हणून हा शब्द वापरला, असे त्यांचे म्हणणे. रेडिओसाठी ध्वनीचा शब्द निवडणे स्वाभाविकच होते. मात्र भाषणापुरता निवडलेला शब्द पुढे पाठ्यपुस्तकात जाऊन बसला.

मराठीत आपण 'महास्फोट' म्हणतो. त्यात 'बँग'चा आवाज थोडा कमी झाला, पण स्फोट अधिक पक्का झाला. मग वर्गात प्रश्न येतात: स्फोट कुठे झाला? त्याच्या बाहेर काय होते? आवाज किती मोठा झाला? हे प्रश्न मुलांच्या अज्ञानातून आलेले नाहीत. शब्दाचा सरळ अर्थ घेतला की तेच सुचतात. फटाका फुटतो तेव्हा त्याला जागा असते, भोवती हवा असते आणि तुकडे मधल्या बिंदूपासून दूर उडतात. विश्वाच्या बाबतीत यातले काहीच लागू नाही. तेथे अवकाशच प्रसरण पावते. त्याला मध्यबिंदू नाही.

हे पटवण्यास एक इलास्टिकची पट्टी पुरते. तिच्यावर दर सेंटीमीटरला शाईचा ठिपका द्यावा आणि पट्टी ताणून दुप्पट करावी. कोणताही ठिपका आपला मानला, तरी शेजारचा ठिपका १ सेंटीमीटरने दूर गेलेला दिसेल आणि त्याच्या पलीकडचा २ सेंटीमीटरने. जितके अंतर जास्त, तितका दूर जाण्याचा वेग जास्त. दीर्घिकांचे निरीक्षण असेच सांगते. येथे कोणताही ठिपका केंद्र नाही आणि काहीही फुटलेले नाही.

गंमत अशी की, आरंभीच्या विश्वात ध्वनी खरोखरच होता. तप्त वायूला गुरुत्वाकर्षण आत ओढत होते आणि प्रकाशाचा दाब बाहेर लोटत होता. या ओढाताणीतून दाबाच्या लहरी निर्माण झाल्या, आणि ध्वनी म्हणजे दाबाच्या लहरीच. त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक होता. सुमारे ३ लक्ष ८० हजार वर्षांनी अणू तयार झाले, प्रकाश मोकळा झाला आणि या लहरी जागच्या जागी थिजल्या. त्यांचा ठसा दीर्घिकांच्या मांडणीत आज सुमारे ४९ कोटी प्रकाशवर्षांच्या अंतरावर आढळतो. २००५ साली दोन सर्वेक्षणांतून तो दिसून आला. पण हा ध्वनी 'धडाम' असा नव्हता. घनतेतील लाखात एक भाग इतक्या बारीक फरकांतून उठलेल्या त्या लहरी होत्या. नावाने सांगितलेला आवाज झाला नाही. जो झाला त्याची नावात खूणही नाही.

मग नाव बदलावे काय? तोही प्रयत्न झाला. १९९३ साली 'स्काय अँड टेलिस्कोप' या अमेरिकन मासिकाने नव्या नावासाठी स्पर्धा घेतली. ४१ देशांतून १३,०९९ सूचना आल्या. कार्ल सेगन हे परीक्षकांपैकी एक होते. एकही सूचना जुन्या नावाची जागा घेण्याजोगी ठरली नाही. हॉईल यांचे शिष्य जयंत नारळीकर यांचा आक्षेप याहून मूलभूत, खुद्द सिद्धांतावरच होता. २०२५ साली त्यांचे निधन झाले. तोवर त्यांनी पर्यायी विचार सोडला नाही. आमची तक्रार सिद्धांताबद्दल नाही, नावाबद्दल आहे.

रूढ झालेला शब्द आता हटणार नाही आणि परीक्षेत 'महास्फोट' असेच लिहावे लागेल. म्हणून शिक्षकांना आमची सूचना एवढीच, की हा शब्द फळ्यावर लिहिताच त्याच्या शेजारी 'विस्तार' असे लिहावे आणि मुलांनाच विचारावे: फटाक्यातल्या कोणत्या गोष्टी येथे लागू पडत नाहीत? ती यादी मुलांनी स्वतः केली, तर निम्मा सिद्धांत त्यांना समजलाच.