भूमिकेची किंमत

जालना रस्त्याने चिकलठाण्याकडे निघाले की दोन्ही बाजूंचे जाहिरातींचे फलक वाचत जाण्याची आम्हांस जुनी सवय आहे. दागिने, सदनिका, शिकवणीवर्ग, मोटारी ह्यांचे हे फलक म्हणजे आमच्या शहराचे रोजचे वाचन होय. समीक्षकाने कविता-कादंबरीची परीक्षा करावी आणि जाहिरातीकडे काणाडोळा करावा, हा संकेत आम्हांस मान्य नाही. जे सर्वाधिक लोकांच्या डोळ्यांपुढे येते, त्याचेही मूल्यमापन व्हावयास हवे; विशेषतः ते वस्तू विकण्यापलीकडे जाऊन विवाह, कुटुंब आणि माणसाची प्रतिष्ठा ह्यांविषयी काही सांगू लागते तेव्हा. समलिंगी विवाहाच्या प्रश्नावर कंपन्यांनी घेतलेल्या जाहीर भूमिका ह्याच दृष्टीने वाचून पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आपल्या देशात ह्या बाबतीत सर्वाधिक गाजलेली कृती ऑक्टोबर २०२१ मधील. डाबर कंपनीच्या ‘फेम’ नावाच्या ब्लीचची ती जाहिरात होती. दोन तरुण स्त्रिया करवा चौथच्या व्रताची तयारी करीत आहेत. घरातील एक प्रौढ स्त्री दोघींना साड्या देते. रात्री चाळणीतून चंद्रदर्शन होते आणि दोघींनी हे व्रत परस्परांसाठीच धरले होते, हे प्रेक्षकाच्या ध्यानी येते.

निव्वळ रचना म्हणून पाहिल्यास ही छोटीशी कथा फसलेली नाही. त्या प्रौढ स्त्रीचे वागणे तर आम्हांस विशेष भावले. ती उपदेश करीत नाही, मोठेपणाचा आव आणीत नाही. सुनेला द्यावी तशी साडी देते. स्वीकार ह्याहून अधिक बोलका असावयास नको. परंतु कथेचा आधारच डळमळीत आहे. ज्या व्रताचा रूढ हेतू नवऱ्याचे दीर्घायुष्य हा आहे, ते स्त्रियांच्या स्वातंत्र्याचे प्रतीक म्हणून उसने घेतले. आणि ह्या साऱ्या उदारतेच्या शेवटी विकावयाचे काय, तर चेहरा उजळविणारे ब्लीच! माणसाला आहे तसे स्वीकारा, असे सांगणाऱ्या कथेने त्याच माणसाच्या त्वचेला मात्र आहे तशी राहू देऊ नये, ह्यातील विसंगती अनेक वाचकांनी तेव्हाच दाखवून दिली.

तथापि ह्या जाहिरातीचा निकाल तिच्या रचनेवर लागला नाही. मध्य प्रदेशचे तत्कालीन गृहमंत्री नरोत्तम मिश्रा यांनी कारवाईचा इशारा दिला आणि कंपनीने जाहिरात मागे घेऊन बिनशर्त माफी मागितली. काही दिवसांतच न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी एका जाहीर कार्यक्रमात, लोकांच्या असहिष्णुतेमुळे ही जाहिरात मागे घ्यावी लागली, असा खेद व्यक्त केला. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. इशारा देणाऱ्यांची असहिष्णुता उघड आहे. पण त्या माफीचा अर्थही वाचला पाहिजे. माफी कोणाची मागितली गेली? ज्यांच्या भावना दुखावल्या त्यांची. ज्या स्त्रियांना त्या जाहिरातीत स्वतःचा चेहरा दिसला होता, त्यांच्यासाठी त्या माफीत शब्द नव्हता. आपले चित्र भिंतीवर लागले आणि चार दिवसांत क्षमायाचनेसह उतरविले गेले, हे पाहणाऱ्या माणसाला काय वाटत असेल, ह्याचा विचार कोणी केल्याचे दिसले नाही.

येथे कंपनीची बाजूही मांडली पाहिजे. २०२० च्या ऑक्टोबरात ‘तनिष्क’ने आंतरधर्मीय कुटुंबाची जाहिरात मागे घेतली, तेव्हा दुकानांतील कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचे कारण तिने दिले होते. ते कारण खोटे म्हणता येत नाही. दगड पडतो तो संचालकाच्या दालनावर नव्हे, विक्रेत्या मुलीच्या काउंटरवर. परंतु हा धोका आधीच तोलावयाचा असतो. संकट येताच जी भूमिका सोडून द्यावी लागते, ती भूमिका नव्हे, हंगामी सजावट होय.

परदेशातही हाच अनुभव येतो. २०१३ च्या सप्टेंबरात इटलीतील ‘बारिला’ ह्या शेवया बनविणाऱ्या कंपनीच्या अध्यक्षांनी आपल्या जाहिरातींत समलिंगी कुटुंब दाखविणार नाही, असे नभोवाणीवर सांगितले. बहिष्काराची हाक उठताच त्यांनी माफी मागितली, आणि पुढील वर्षाच्या अखेरीस त्याच कंपनीला अमेरिकेतील एका समलिंगी हक्क संघटनेने पूर्ण शंभर गुण दिले. कंपनी खरोखर बदललीही असेल. मनुष्य बदलतो, मग कंपनीने का बदलू नये? पण इटलीत बाजार ज्या दिशेने ढकलत होता त्या दिशेने ‘बारिला’ गेली, भारतात ज्या दिशेने ढकलत होता त्या दिशेने डाबर. ह्या दोन माफ्या शेजारी ठेवल्या की दोहोंमागील कारण एकच दिसते.

मग कंपनीची भूमिका कोठे वाचावी? आमच्या मते फलकावर नव्हे, छापील फॉर्मवर. वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना उभा राहिला तेव्हापासून आमच्या शहरातील घराघरांना फॉर्म भरण्याचा अर्थ कळला आहे. कामगार नोकरीस लागला की पहिल्याच आठवड्यात त्याला विचारतात: तुमचा वारसदार कोण? नॉमिनी कोण? भविष्य निर्वाह निधीच्या १९५२ च्या योजनेने ठरविले की सभासदाला कुटुंब असेल तर नॉमिनी त्या कुटुंबातीलच असावा. आणि कुटुंब म्हणजे पती वा पत्नी, मुले, अवलंबून असलेले आईवडील. वीस वर्षे एका छपराखाली राहिलेल्या, आजारपणात उशाशी बसलेल्या जोडीदाराला त्या रकान्यात जागा नव्हती. विवाहाचा प्रश्न हा असा रोजच्या जगण्यातला आहे. मंडप आणि वाजंत्री नंतरची.

ह्या फॉर्मच्या बाबतीत काही संस्थांनी गाजावाजा न करता काम केले, हे नमूद करावयास हवे. डिसेंबर २०१९ मध्ये टाटा स्टीलने समलिंगी कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांना वैद्यकीय व इतर सवलती लागू केल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये, म्हणजे डाबरच्या जाहिरातीआधी जेमतेम महिनाभर, ॲक्सिस बँकेने समलिंगी जोडीदारांना संयुक्त खाते उघडता येईल व परस्परांना नॉमिनी नेमता येईल, असे जाहीर केले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्याच अध्यक्षतेखाली, समलिंगी विवाहास कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला. हा विषय संसदेचा आहे, असे म्हटले. त्यानंतर २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय अर्थमंत्रालयाने स्पष्ट केले की अशा संयुक्त खात्यावर व नामनिर्देशनावर कोणतेही बंधन नाही. बँकेलाही ठेवी हव्याच असतात, हे आम्ही जाणतो. पण खाते उघडले म्हणजे ते उघडलेले राहते. कोणी डोळे वटारले म्हणून रात्रीतून पुसले जात नाही.

किंमत मोजून घेतलेली भूमिका पाहावयाची तर मराठीत रघुनाथ धोंडो कर्वे यांच्याकडे पाहावे. विल्सन महाविद्यालयातील गणिताचे हे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार सोडा अथवा नोकरी सोडा, असा पेच आला तेव्हा १९२५ साली त्यांनी नोकरी सोडली. १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. वाचकांच्या शंकांना, त्यांत समलिंगी आकर्षणाविषयीच्याही, मोकळेपणाने उत्तरे दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला. त्यांची बाजू मांडली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, ज्यांनी पुढे १९५० साली आमच्या ह्याच शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. दंड भरून ते पुढच्या अंकाच्या कामास लागले.

कर्व्यांची संततिनियमनाची मते ख्रिस्तसभेस मान्य नव्हती, आजही नाहीत. शिवाय त्यांच्यापुढे तो पेच टाकणारी संस्था मिशनरी होती, हेही आपण विसरू नये. प्रतिष्ठेला जपणे हा केवळ कंपन्यांचाच दोष नव्हे. तरीही साक्ष देणे म्हणजे काय, हे त्या निरीश्वरवादी माणसाकडून शिकण्यासारखे आहे. हुतात्म्यासाठी युरोपीय भाषांत रूढ झालेला ‘मार्टिर’ हा शब्द मूळ ग्रीकमध्ये केवळ ‘साक्षीदार’ ह्या अर्थाचा आहे, हे आपल्या वाचकांस ठाऊकच आहे.

विवाह हा स्त्री व पुरुष ह्यांच्यातील संस्कार होय, अशी आपली श्रद्धा आहे. ती ह्या लेखाने बदलत नाही. पण ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ पूर्ववत केले, तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी समलिंगी व्यक्तींना ख्रिस्तसभा गुन्हेगार मानीत नाही, असे जाहीरपणे सांगितले. तेव्हा ह्या बोलण्याला टाळ्या मिळतील, अशी खात्री नव्हती. तेच कलम न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी संमतीपुरते रद्द केले आणि मग सप्तरंगी फलकांचा मार्ग मोकळा झाला. बोलणे कठीण असताना कोण बोलले, हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा.

आपल्या धर्मग्रामांतही अशी मुले-मुली आहेत. मिस्साला ती आपल्याच बाकावर बसतात, गायनवृंदात गातात आणि घरी लग्नाचा विषय निघाला की उठून आत जातात. कंपनीच्या जाहिरातीने त्यांचे भले होईल, असे आम्हांस वाटत नाही. जाहिरात उतरल्याने त्यांचा कायमचा पराभव होतो, असेही नाही. त्यांचे पाहणे आपल्याकडे आहे. त्या जाहिरातीतील प्रौढ स्त्रीने न बोलता साडी पुढे केली. कंपनीने ती परत घेतली. आपल्या घरात तो हात पुढे आला, तर तो मागे घेतला जाणार नाही, एवढे तरी आपण आपल्या मुलांना सांगू शकतो काय?