भजन म्हणणारी भिंत

हिंसा धर्मामुळे होते की राजकारणामुळे, हा प्रश्न मला प्रत्येक व्याख्यानानंतर विचारला जातो. आज करमाडमध्ये त्याचं उत्तर मी एका नाटकात शोधणार आहे. विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल', पहिला प्रयोग १९७२, दिग्दर्शक जब्बार पटेल.

त्यातली ती माणसांची रांग आठवा. हीच माणसं कीर्तनाला डोलतात, बावनखणीत जातात, आणि गरज पडली की पाठमोरी होऊन भिंत होतात. भजन मात्र चालूच!

घाशीराम कोतवालीसाठी पोटची पोर, गौरी, नाना फडणवीसाला देतो. नाना तिच्या अंगाशी येतो तेव्हा ती समोरच्या गणपतीकडे बोट दाखवते, तो बघतोय म्हणते. नाना ते थट्टेवारी नेतो. आता बघा, देव बघतोय असं खरोखर मानणारी अख्ख्या नाटकात ती एकटीच आहे. म्हणून 'श्रद्धा आली की हिंसा आली' हे मला पटत नाही. (कट्टर नास्तिक मित्र यावर चिडतात, चिडोत.)

नाटकावर वाद झाला तो ब्राह्मणांच्या बदनामीचा, नानाच्या चारित्र्याचा. गौरीबद्दल कोण भांडलं? माझी तक्रार तेंडुलकरांवरही आहे. तेही तिला लवकर सोडून देतात. ती गेल्याचं आपल्याला नुसतं कळतं.

शेवटी घाशीरामला जमाव ठेचतो. हुकूम नानाचाच, आणि वर उत्सवही त्याचाच. रांग पुन्हा गायला लागते.